परत करायची काठवट

पोर्तुगालात भाव करत नाहीत, असं आमचे व्याही भगवंतराव मला सांगून गेले आणि तिथूनच सगळी सुरुवात झाली. सांगताना ते आमच्या हैद्राबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरात, माझ्याच खुर्चीत, माझाच चहा पीत बसले होते. तिकडून आणलेला मातीचा रंगीत कोंबडा त्यांनी मला मुद्दाम दाखवायला आणला होता आणि दाखवून झाल्यावर परत पिशवीत घातला होता. तिकडे म्हणे किंमत विचारायची, तेवढी द्यायची आणि वर आभार मानायचे. "आपल्यासारखी घासाघीस तिथं करायलात तर लोक हसतील, हिम्मतराव," असं म्हणून ते कोंबड्यासह बरकतपुऱ्याला रवाना झाले.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. वीज खात्यात हेडक्लार्क म्हणून मी निवृत्त झालो. तिथं कुणी माझा फार मान ठेवला असं म्हणवत नाही, पण बाजारात माझा मान आहे. बेगम बाजारातली घागर असो, सुलतान बाजारातलं लुगडं असो की नुमाइशीतली, म्हणजे आमच्या वार्षिक प्रदर्शनातली, काश्मिरी शाल असो, पहिल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या वस्तूकडे बघायचं. मग सहज हात लागल्यासारखी ती उचलायची आणि तिच्यातली खोड काढायची. दुकानदारानं भाव सांगितला की हसायचं. मग त्याला लाज वाटेल इतका कमी आकडा बोलायचा आणि उठून चालू लागायचं. चालताना मागं वळून बघायचं नाही, हा त्यातला मुख्य भाग. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत मागून हाक येते, "आओ साब, नाराज कैकू होते?" आणि एखादा दुकानदार "बेचना नहीं है" असं म्हणालाच, तर खुशाल समजावं की तो विकायला उतावीळ झाला आहे.

तर असा मी, आणि मला भाव करू नका म्हणून सांगतात. मी जायचं ठरवलं.

जायला कारणही होतं. आमची प्रणिता आणि जावई मिलिंद तेव्हा पोर्तो नावाच्या शहरात राहत होते. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी त्या काळात बोलवा होती. ते बंद पडू नयेत म्हणून तिथल्या एका बँकेनं हैद्राबादहून माणसं नेली होती आणि त्यांत मिलिंद होता. वीज खात्यात आमचा पंखा बंद पडला तर शेजारच्या खोलीतून माणूस यायला आठवडा लागायचा. इथं अजून बंदही न पडलेल्या संगणकांसाठी समुद्रापलीकडून जावई नेतात, हे मला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

माझ्या बायकोला, म्हणजे सुशीलाबाईला, मुलीला भेटण्यापलीकडे तिकडचं काही नको होतं. तिला आयुष्यात एकच वस्तू हवी होती आणि ती म्हणजे काठवट. आमच्या गावी लाकडाच्या एका ओंडक्यातून कोरलेली काठवट होती, भाकरीचं पीठ मळायला. नल्लकुंट्याला बिऱ्हाड केलं तेव्हा ती बरोबर आणली. पुढं एका उन्हाळ्यात तिला आतून वाळवी लागली आणि ती हातात भुगा होऊन आली. तेव्हापासून सुशीला स्टीलच्या परातीत पीठ मळते आणि भाकरी काठाला चिरली की परातीला दोष देते. परात खडखडते, पीठ सरकतं, हाताला लाकूड लागत नाही, हे मी दोन्ही वेळा ऐकत आलो. बेगम बाजारात विचारलं, नुमाइशीत दर जानेवारीत विचारलं, नांदेडला लग्नाला गेलो तेव्हा सुतारांच्या आळीत विचारलं. सगळीकडे प्लॅस्टिकचं टोपलं दाखवायचे. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं वर्तमानपत्रात रोज यायचं. आबिड्सला परदेशी चॉकलेटं आली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कसलेकसले शाम्पू आले, फक्त एक काठवट तेवढी कुठं मिळेना.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं तिच्यावाचून काही कळायचं नाही. आमच्या शेजारी दौलतराव आणि चतुराबाई राहतात, मूळ परभणीकडचे. या दोन घरांत एक स्टीलचा डबा फिरतो. त्यांच्याकडून खीर आली की तो डबा आम्ही रिकामा परत करत नाही, त्यात चिवडा घालतो. चिवड्याचा डबा ते रिकामा परत करत नाहीत, त्यात करंज्या येतात. करंज्यांचा डबा परत करायचा म्हणून आमच्याकडे काहीतरी करावं लागतं. ही देवघेव इतकी वर्षं चालली आहे की डबा मुळात कोणाचा, हे आता दोन्ही घरांत कोणालाच सांगता येत नाही. एकदा मी डबा रिकामाच नेऊन दिला होता. त्यानंतर सुशीलानं माझ्याशी बोलणं जे बंद केलं, ते चतुराबाईंनी मध्यस्थी केली तेव्हा सुरू झालं.

पासपोर्टाच्या वेळीही माझ्या मानाची परीक्षा झाली. जन्माचा पुरावा म्हणून माझ्याकडे शाळेचा दाखला होता, आणि मी निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे तो उर्दूत होता. काउंटरवरच्या बाईंनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि भाषांतर आणा म्हणाल्या. जामबागेत एक वृद्ध वकीलसाहेब ते काम करत. दाखल्यावरचं सुरेख अक्षर पाहून त्यांनी चष्मा पुसला. "क्या खत है साब," म्हणून त्यांनी तो मोठ्यानं वाचला, घरच्यांना बोलावून पुन्हा वाचला, आणि भाषांतर मात्र उद्या करू म्हणाले. तो उद्या लवकर उगवला नाही.

दौलतरावांचा सल्ला वेगळाच होता. ते रजेचा प्रवासभत्ता घेऊन एकदा गोव्याला जाऊन आले होते, त्यामुळे पोर्तुगालवर त्यांचा अधिकार होता. पोर्तुगाल म्हणजे मोठा गोवा, तिथं कोकणीत बोला, अडचण येणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. कोकणी मलाही येत नव्हती आणि त्यांनाही. चतुराबाईंनी सल्ला दिला नाही, ज्वारीचं पीठ दळून दिलं. तिकडे माणसं पावावर राहतात हे ऐकून त्यांना आमची काळजी लागली होती. पीठ आमच्या त्या डब्यातूनच आलं.

अशा रीतीनं आम्ही पोर्तोला पोचलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाव करायला बाहेर पडलो.

तिथले बाजार सुंदर असतात, यात वाद नाही. गावाच्या चौकात कापडाचे मांडव, भाजीच्या शेजारी टोपल्या, टोपल्यांच्या शेजारी कोंबड्या, म्हणजे जिवंत, आणि त्यांच्या शेजारी मातीच्या. मी टोपल्यांपासून सुरुवात केली. एक टोपली उचलली, वेत ओला आहे असं नाकानं दाखवलं, बोटांनी भाव केला आणि चालू लागलो. चाललो, चाललो, चौक संपला, चर्च गेलं, नदी आली. हाक आली नाही. मागं वळून बघायचं नाही हा माझाच नियम, त्यामुळे नदीवर थांबून पाण्याकडे बघत राहण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही. शेवटी प्रणिता शोधत आली. टोपलीवाला काय करतोय, असं मी विचारलं. तो पेपर वाचतोय, असं ती म्हणाली.

पुढचे सगळे बाजार असेच गेले. मातीच्या काळ्या सुरया, लेसचे रुमाल, लोकरीचे मोजे, प्रत्येक ठिकाणी मी उठून चाललो आणि प्रत्येक ठिकाणी चालतच राहिलो. त्या देशात मी इतकं पायी हिंडलो की माझी साखर उतरली. मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला की बाबा, इथं सांगतात तीच किंमत असते. जावई असल्यामुळे मी त्याला काही बोललो नाही, पण त्याच्या आवाजात मला त्याच्या वडिलांचा आवाज ऐकू आला.

मग परत निघायच्या आधीचा शनिवार आला. पोर्तोपासून बसनं जायच्या एका गावात दोन दिवसांची कारागिरांची जत्रा होती. वर्षातून एकदाच भरते. तिथं माणसं मांडवात बसूनच वस्तू बनवत होती. कुणी जवसाच्या तंतूंचं सूत काढत होतं, कुणी चांदीची तार वळत होतं, कुणी चाकावर मडकं चढवत होतं. आमच्या नुमाइशीसारखीच गर्दी, फक्त कुणी कुणाच्या पायावर पाय देत नव्हतं. आणि एका कोपऱ्यात, लाकडी चमचे विकणाऱ्या एका म्हातारीच्या मांडवात, ती होती.

सुशीलानं माझी बाही धरली. "अवो, काठवट," एवढंच म्हणाली.

काठवटच होती. एका ओंडक्यातून कोरलेली, तळ गोल, काठ जाड, वर्षानुवर्षं पीठ मळून आतून गुळगुळीत झालेली. तिच्यात म्हातारीनं चमचे ठेवले होते. सुशीलानं एक चमचा बाजूला सारून तळाला हात लावला आणि हात तिथंच ठेवला. तिचा चेहरा मी बघितला आणि ठरवलं, ही काठवट हैद्राबादला जाणार आणि मी सांगेन त्या भावात जाणार.

मी चमच्यांकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग सहज काठवटीवर टिचकी मारून प्रणिताला किंमत विचारायला सांगितलं. म्हातारी काही तरी म्हणाली. प्रणिता म्हणाली, "बाबा, ती विकायची नाहीये. तिची स्वतःची आहे, चमचे ठेवायला आणलीये."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या दिवसांत प्रथमच समोरून माझ्या ओळखीची चाल आली होती. बेचना नहीं है. मी तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसलो आणि प्रणिताला माझा आकडा सांगायला लावला. म्हातारी नाही म्हणाली. मी उठून चालू लागलो. चीजवाल्यापर्यंत गेलो, हाक आली नाही, म्हणून चीज बघायला आल्यासारखं करून दुसऱ्या वाटेनं परत आलो. आकडा वाढवला. म्हातारी नाही म्हणाली. पुन्हा निघालो, पुन्हा आलो. चीजवाला आता मला बघून चवीचे तुकडे पुढं करू लागला.

"बाबा, प्लीज, सीन नका करू ना. शी इज नॉट सेलिंग," असं प्रणिता म्हणाली. लहानपणापासून इंग्रजी शाळेत घातल्याचा हा परिणाम. मी तिला म्हटलं की सुलतान बाजारात तुझ्या फ्रॉकापासून तुझ्या लग्नाच्या शालूपर्यंत सगळं आधी 'नॉट सेलिंग'च होतं.

मग माझ्या पद्धतीतलं एक राहून गेलेलं पाऊल मला आठवलं. मी वस्तूची खोड काढली नव्हती. काठवटीच्या काठाला एक बारीक चीर होती. मी तिच्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि अरेरे अशा अर्थाचा आवाज काढला. ही भाषा जगात सगळीकडे कळते, असा अनुभव मला त्या क्षणी आला. म्हातारी सगळ्यात मोठा चमचा हातात घेऊन उभी राहिली. उभी राहिल्यावर ती माझ्यापेक्षा उंच निघाली. शेजारचा मडकंवाला चाक थांबवून उभा राहिला. चीजवालाही आला, आणि तो माझ्या बाजूचा आहे असं मला वाटलं होतं, पण तो तिच्या बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात गळ्यात बिल्ला अडकवलेले एक मिशाळ गृहस्थ आले आणि मला अदबीनं जत्रेच्या कार्यालयात, म्हणजे एका तंबूत, घेऊन गेले. भाषांतरासाठी प्रणिता आली. सुशीला तिथंच राहिली. तिनं हात काठवटीतून काढला नव्हता, म्हणून तिला तिथून हलवायचं कुणाला सुचलं नाही.

तंबूत गृहस्थांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की अल्बर्टिनाबाई चमचे विकतात, चमच्यांचीच नोंदणी झालेली आहे, आणि कोणी आपली वस्तू विकायला नकार दिला तर त्यावर समितीचा इलाज नाही. मात्र माझी तक्रार असेल तर तक्रारवही आहे. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. कोरी, आखीव, पानांवर शिक्के मारलेली. माझं मन भरून आलं. सगळी नोकरी मी लोकांना अशी वही मिळू न देण्यात घालवली होती, आणि इथं ती मागायच्या आधी मिळत होती.

मी मराठीत लिहिलं. त्यांच्या देशात त्यांची भाषा चालते, तर माझ्या तक्रारीत माझी चालेल. उपरोक्त विषयास अनुसरून कळवतो की, विक्रीच्या जागी विक्रीस नसलेली वस्तू दर्शनी भागात मांडून ग्राहकाच्या पत्नीस आशा लावण्यात आली. सबब, सदर काठवट विक्रीस काढण्याबाबत योग्य ते आदेश व्हावेत. प्रत माहितीस्तव, श्री. भगवंतराव, बरकतपुरा. खाली सही केली. गृहस्थांनी ते पान गंभीरपणे वरून खालपर्यंत बघितलं, त्यावर शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. प्रणिता तोवर तंबूबाहेर जाऊन उभी राहिली होती.

विजयी मुद्रेनं मी परत आलो, तर मांडवात वेगळंच चाललं होतं. सुशीला आत, म्हातारीच्या शेजारी बसली होती. दोघींनाही एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. सुशीला हवेत पीठ मळत होती, गोळा करत होती, हाताच्या तळव्यानं थापत होती. मग म्हातारी हवेत पीठ मळायची. तिकडे मक्याचा जाड पाव करतात, त्याचं. ती मुठींनी असं रेटायची की चमचे खुळखुळायचे. मग तिनं काठवटीतले चमचे ओटीत काढून घेतले, काठवट उचलली आणि सुशीलाच्या मांडीवर ठेवली.

मी घाईनं पाकीट काढलं. म्हातारी माझ्याकडे न बघताच नाही म्हणाली.

"ठिवा ते पाकीट," सुशीला म्हणाली. "विकत न्हाई. वापरायला दिली. रातच्याला भाकरी करून उद्या परत द्यायची."

मी विचारलं, कशी मागितलीस. ती म्हणाली, मागितली कुठं. आजवरच्या माझ्या सगळ्या विद्येवर या दोन शब्दांत पाणी पडलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. बसमध्ये काठवट माझ्या मांडीवर होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

संध्याकाळी सुशीलानं चतुराबाईंचं पीठ काढलं. काठवटीत मळलं. प्रणिताच्या विजेच्या शेगडीवर तवा ठेवला. पहिली भाकरी उतरली ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी, काठाला एक चीर नाही. दुसरी तशीच, तिसरी तशीच.  सुशीलानं डोळ्याला पदर लावला, आणि त्या घरात धूर नव्हता. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं परातीचं गाऱ्हाणं मी कानांनी ऐकलं होतं, पण ते मला आज दिसलं. ती काठवट परत जाऊ नये असं मला जिवापासून वाटलं, आणि भावाचा विचार त्या वेळी माझ्या मनात नव्हता. मी तसं म्हणालो. दुप्पट देऊ, चौपट देऊ, उद्या पुन्हा विचारू.

"परत म्हंजे परत," ती म्हणाली. "आपण भांडी बुडवणारी मान्सं न्हाईत." आणि उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या करायला बसली, कारण काठवट रिकामी द्यायची नव्हती.

रविवारी आम्ही भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी काठवटीत घालून, वर फडकं बांधून जत्रेत गेलो. अल्बर्टिनाबाईंनी भाकरीचा वास घेतला, मोडली, चटणीला लावून खाल्ली, खोकल्या, आणि आणखी घेतली. मडकंवाल्याला दिली, चीजवाल्याला दिली. बिल्लेवाले मिशाळ गृहस्थही आले आणि माझ्याकडे न बघता दोन खाऊन गेले. माझ्या तक्रारीचं काय झालं हे विचारायची ती वेळ नव्हती. काठवट रिकामी झाली. अल्बर्टिनाबाईंनी ती फडक्यानं पुसली. सुशीलानं तिच्यावर एकदा हात फिरवला आणि उठा म्हणून मला खूण केली.

आम्ही निघालो. मी मागं वळून बघितलं नाही. या वेळी नियम म्हणून नव्हे, बघवलं नसतं म्हणून. चीजवाला ओलांडला, मडकंवाला ओलांडला, आणि मागून हाक आली.

उभ्या पोर्तुगालात मला आलेली ती एकमेव हाक. शब्द कळले नाहीत पण सूर अगदी आमच्या सुलतान बाजारचा होता. अल्बर्टिनाबाई काठवट कडेवर घेऊन, धापा टाकत येत होत्या. काठवटीत मक्याचा एक भला मोठा पाव होता, वर मूठभर सुके अंजीर. त्यांनी ती सुशीलाच्या हातात दिली, तिच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि काही तरी बोलून परत फिरल्या. "पुढच्या वर्षी भेटू, असं म्हणाल्या," प्रणितानं सांगितलं.

मी अंजीर फडक्यात काढून काठवट परत द्यायला निघालो, तर सुशीलानं मला अडवलं. भरून आलेलं भांडं वाटेत रिकामं करतात का, ते घरी नेऊन रिकामं करायचं आणि मग भरून परत करायचं. घर नल्लकुंट्याला आहे, असं मी म्हणालो. मग नल्लकुंट्याला, असं ती म्हणाली. प्रणितानं सांगितलं की तिनं भेट दिली असेल, आई. सुशीलानं विचारलं की भेट असा शब्द तिनं काढला का. नव्हता काढला. मीच पुढच्या महिन्यात नेऊन देते, असंही प्रणिता म्हणाली. पण ज्याच्या हातात भांडं आलं त्यानंच ते परत करायचं असतं, आणि काठवट वापराविना पडली तर वाळून तडकते. सुशीलाचं हे ऐकून मी अंजीर परत काठवटीत ठेवले, कारण ती अगदी बरोबर बोलत होती.

बेगमपेठेच्या विमानतळावर उतरलो तेव्हा कस्टमच्या साहेबांनी काठवट उघडली. पाव प्रवासात इतका कडक झाला होता की त्यांनी तो ठोकून पाहिला आणि हाही लाकडाचा आहे का, असं विचारलं. मग काठवटीची किंमत विचारली. मी म्हणालो, बेचने की चीज़ नहीं है.

"साब, हर चीज़ की कुछ ना कुछ कीमत रहती," ते म्हणाले, आणि मी ज्या नजरेनं अल्बर्टिनाबाईंकडे बघितलं होतं त्याच समजूतदार नजरेनं माझ्याकडे बघून हसले. त्यांनी स्वतःच एक आकडा सुचवला. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसरा सुचवला. मी नाही म्हणालो. मोठा चमचा जवळ नव्हता, नाही तर मीही उभा राहिलो असतो. शेजाऱ्याचं भांडं आहे, परत करायचं आहे, असं मी सांगितलं. शेजारी कुठं राहतो, असं त्यांनी विचारलं. पोर्तुगालात, असं मी म्हटलं. रांगेत आमच्या मागं बरीच माणसं खोळंबली होती, म्हणून त्यांनी हात जोडून आम्हाला पुढं काढलं.

भगवंतराव लगेच आले. काठवट बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कितीला पाडली?" मी म्हटलं, विकायची नव्हती. मग कशी दिली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिलेली नाही, परत करायची आहे. ते बराच वेळ हसले. काठवटीतल्या भाकऱ्या मात्र पोटभर खाल्ल्या, आणि जाताना म्हणाले की कोंबडा घ्या आणि ही मला द्या. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. हाक मारली नाही.

आता जत्रा पुन्हा जवळ आली आहे. दरम्यान बँकेचे संगणक अपेक्षेपेक्षा लवकर सुधारले आणि मिलिंद-प्रणिता अमेरिकेला गेले. पोर्तोत आता आमचं कुणी नाही. दौलतरावांसकट सगळ्या गल्लीनं सांगितलं की एका लाकडी भांड्यासाठी इतक्या लांब कुणी जात नाही. मी विचारलं, आपला डबा कुणाचा आहे, दौलतराव? त्यावर ते घरात गेले आणि चतुराबाई पीठ घेऊन आल्या.

काल आम्ही आबिड्सला एका एजंटाकडे गेलो. काठवट पिशवीत बरोबर होती, कारण मोजमाप लागेल असं सुशीलाला वाटलं. एजंटानं अर्जात जायचं कारण विचारलं. मी सांगितलं, भांडं परत करायचं आहे. त्यानं पेन खाली ठेवलं.

"साब, टूरिझम लिख देतौं. सीधा काम हो जाता."

मी म्हणालो की मी टूरिस्ट नाही. व्हिसा मिळाला नाही तर मिळू नये, पण लिहायचं ते खरं लिहायचं. यावर आमची बरीच बोलाचाल झाली. त्याचं म्हणणं असं पडलं की अशा कारणावर व्हिसा देत नाहीत, आणि परतच करायचं तर कुरिअर आहे, घरपोच जातं.

सुशीलानं पिशवीतून काठवट काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. आत भाकऱ्या होत्या. "बाबा," ती त्याला म्हणाली, "तू शेजारणीचं भांडं कुरिअरनं पाठवतोस का रं?"

 एजंटानं काठवटीचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाला की त्याच्या घरी एक चिनी मातीचा प्याला आहे, याकुतपुऱ्यातल्या शेजाऱ्यांचा. ईदला शीरखुर्मा आला होता त्यात. मग मोहल्ला बदलला, आणि द्यायचा राहून गेला. अम्मी अजून तो कुणाला वापरू देत नाही.

त्यानं पेन उचललं, 'टूरिझम'चा विषय सोडला आणि मी सांगितलं ते सगळं तसंच लिहिलं. भाकरी घेतली, काम आटोपल्यावर प्याला घेऊन याकुतपुऱ्याला जाईन म्हणाला.

व्हिसा द्यायचा की नाही ते दिल्लीत बसलेले लोक ठरवतील. ज्वारी मात्र आम्ही आज सकाळीच निवडायला घेतली आहे.